पाण्यात उतरण्याआधी डोंगरमाथ्याकडे बघा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ओढ्याच्या मधोमध सात-आठ जण हातात हात घालून साखळी करून उभे, मधल्या ताईंच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ, लालसर. काठावरून एक गावकरी मामा घसा फोडून ओरडतायत, "मागं फिरा, वर पाऊस लागलाय!" आणि साखळीतला एक दादा हसून त्यांना हात करतोय. त्याखाली ग्रुपवर बदाम आणि "मान्सून व्हाइब्स". डोकंच फिरलं. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल.

मामांना जे दिसत होतं ते त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. पाणी वाढायच्या आधी रंग बदलतं. स्वच्छ वाहणारा ओढा गढूळ व्हायला लागला, पानं, काटक्या, फेस वाहून यायला लागला, आवाज जड झाला, मघाशी उघडा असलेला दगड बुडाला, की थांबायचं नाही. काठावर यायचं, आणि काठावरही पाण्याजवळ न थांबता वर चढायचं. डबे, बॅगा, चपला राहू देत तिथेच.

आणि हे होतं का, तेही समजून घ्या. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. माथ्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली सलग कातळ. जुलैत ती माती आधीच भिजून गच्च झालेली असते, त्यामुळे वर सर आली की पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात उतरतं. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असेल, पण ओढा वरच्या पठाराचं पाणी घेऊन येत असतो. पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून दोन तासांच्या आतल्या ताम्हिणीत पावसाळ्यात ५००० च्या वर. तेव्हा कोथरूडच्या बाल्कनीतून आभाळ बघून "आज उघडीप आहे, चला" म्हणण्यात काहीच अर्थ नाही. घाटमाथ्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ओढा ओलांडावा लागणारी कुठलीही वाट रद्द. यावर चर्चा नको.

लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यातला तो दिवस विसरलात का? ३० जून २०२४, रविवार. एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यातली चार मुलं. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मध्ये उभे होते सगळे. अख्ख्या महाराष्ट्राने ते मोबाइलवर पाहिलं, हळहळ व्यक्त केली, आणि आज पुन्हा तीच साखळी, पुन्हा कडेवर पोर.

ती हातात हात घालून केलेली साखळी सुरक्षित वाटते, पण ती प्रवाहाला आडवी असते. प्रत्येकाच्या पायावर पाण्याचा पूर्ण मारा बसतो आणि एकाचा पाय सुटला की तो शेजारच्या दोघांना घेऊन जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडतं. ओलांडायचंच असेल तर ओळ प्रवाहाच्या दिशेने लावायची. सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला, मागच्यांनी पुढच्याचे खांदे किंवा बॅग धरायची, तोंड पाणी येतं त्या बाजूला, आणि एकेक पाऊल आडवं सरकायचं. एकटे असाल तर काठी वरच्या अंगाला रोवून. बूट पायातच ठेवा, अनवाणी कोणी शहाणपणा करू नका. बॅगेचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोडा, पडलात तर बॅग टाकून देता आली पाहिजे. कमरेला दोर बांधून उतरू नका, दोर ताणला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. जागा निवडताना पात्र जिथे रुंद आणि उथळ आहे ती निवडा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं. आणि धबधब्याच्या कड्याच्या वरच्या अंगाला तर ओलांडायचंच नाही, घोट्याएवढं पाणी असलं तरी. लहान मूल बरोबर असेल तर यातलं काहीच करायचं नाही. परत फिरायचं.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "पण ते पोचले ना पलीकडे सुखरूप!" हो, पोचले. व्हिडिओच्या शेवटी दिसतंय, पोर हसतंय, बरं वाटलं. पण तोच ओढा त्यांना दुपारी परत ओलांडायचा होता. सकाळी अवघड गेलेला ओढा दुपारच्या दोन सरींनंतर अशक्य होतो, आणि मग माणसं पलीकडे अडकतात. भिऱ्याहून देवकुंड धबधब्याला जाताना वाटेत ओढे आहेत, तिथला धोका हाच. कुंडातल्या डोहाचं सगळे बोलतात, परतीच्या ओढ्याचं कोणी बोलत नाही. धबधब्याच्या थेट धारेखाली उभं राहणं हाही वेडेपणाच, वरून पाण्याबरोबर सुटे दगड येतात आणि ते येताना ऐकू येत नाहीत.

बंदीबद्दल. दरवर्षी कलेक्टर ऑफिसचा आदेश निघतो, देवकुंड बंद, अमुक बंद. बंदीने काही जीव वाचतात, मान्य. पण लोक पहाटे पोलिस यायच्या आधी आडवाटेने घुसतात आणि तेव्हा ओरडून सांगणारे ते मामाही काठावर नसतात, कारण त्यांचं गाइडचं काम आणि घरचं पिठलं-भाकरीचं जेवण दोन्ही बंद पडलेलं असतं. त्यापेक्षा ओढ्याकाठच्या खडकावर लाल पट्टा रंगवा, पाणी इथवर आलं की वाट बंद, आणि तो पट्टा बघायला गावातलाच माणूस पगारी ठेवा.

रागाच्या भरात बरंच लिहिलं. त्या ताईंवर राग नाही खरं तर. आठवडाभर नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट, पोराला हिरवं काही दाखवावं असं कुणाला वाटणार नाही? दाखवाच. फक्त पायऱ्यांची, ओढा न ओलांडावा लागणारी जागा निवडा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गाव चालत गाठा. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत आणि शेजारचा धबधबा लांबूनच छान दिसतो. त्याहून पुढे जायचं तर गायमुख खिंडीतून लोहगडवाडी आणि पायऱ्यांनी लोहगड, मळवलीपासून दोन-अडीच तास धरा. लहान मूल असेल तर गडाच्या चिंचोळ्या सोंडेकडे, विंचूकाट्याकडे, उतरू नका. विसापूरची पायऱ्यांची वाट मात्र जुलैत मुलांना घेऊन नकोच, त्या पायऱ्यांवरूनच पाणी वाहतं आणि हिरव्या शेवाळावर कुठल्याही कंपनीचा सोल टिकत नाही.

आणि जमलं तर भाद्रपदात जा, गणपती झाल्यावर. धबधबे तेव्हाही वाहत असतात, पाणी निवळलेलं असतं, पठारावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. शनिवार-रविवार टाळा, सहाच्या आत घर सोडा, दुपारी एकला जिथे असाल तिथून परत फिरा, कारण ढग उतरले की पाचलाच अंधारून येतं आणि वाट सापडत नाही. गाइडचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि तो "मागं फिरा" म्हणाला की फिरा.