हलक्या हाताने

भाचीच्या वाढदिवसाला विकतचं भेटकार्ड द्यायचं नाही, असं मी जाहीर केलं तेव्हाच घरातल्या कुणीतरी मला अडवायला हवं होतं.

मागणी काही फार नव्हती. कार्डावर निळ्या-जांभळ्या शाईची मऊ झाक, खडूने रंगवून बोटाने पुसल्यासारखी. शाळेत डस्टर फिरवला की फळ्यावर हे आपोआप उमटायचं.

पहिल्या कार्डावर मी इंक पॅड सरळ टेकवला. पॅड चौकोनी असतो, हे तेव्हा अगदी स्पष्ट दिसलं. मग शहाणपण सुचलं. स्पंजला शाई लावायची, निम्मी खालच्या रद्दी कागदावर उतरवायची आणि कार्डाच्या बाहेरून गोल गोल फिरवत, हलक्या हाताने आत यायचं. हात हलका! वर्षानुवर्षं करपलेली पातेली घासलेला हात तो. दुसरं कार्ड मधोमध सोललं गेलं.

तिसऱ्याला मी निळ्यात जांभळा मिसळला. सुंदर! तिथेच थांबायचं, तर ‘थोडं ऊन हवं’ म्हणून पिवळा घेतला. जांभळा आणि पिवळा रंगचक्रात समोरासमोर बसतात, आणि एकत्र आले की त्यांचा चिखल होतो. माझी पहाट गढूळ पाण्यात उगवली.

शाईतही जाती असतात. डाय इंक कागदात मुरते आणि पटकन वाळते. खडूसारखा मॅट पोत हवा तर पिगमेंट इंक. तिच्यातले रंगाचे बारीक कण कागदाच्या वर बसून राहतात. पण मी हौसेने आणलेला कागद होता चकचकीत, त्यात काही मुरेना नि वरचं काही वाळेना. चौथ्या कार्डावरची संध्याकाळ माझ्या बाहीला लागून स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिथून फ्रिजच्या दारावर.

वाळवायला हीट गन लागते. तिच्यात ऊन जास्त, वारा कमी. माझ्याकडे होता केस वाळवायचा ड्रायर. त्याचं नेमकं उलटं. दोन तास बसून कापलेल्या कागदी चांदण्या पंधरा सेकंदांत सोफ्याखाली गेल्या. अजून तिथेच आहेत.

हताश होऊन पसारा आवरताना खालचा रद्दी कागद हातात आला. स्पंज उतरवून उतरवून त्यावर जे काही जमलं होतं, ते म्हणजे... काय सांगू! कडेला विरणारा निळा, मधे धुरकट जांभळा, खडूच खडू. कुठेही चिखल नाही, कारण त्या कागदाकडे माझं लक्षच नव्हतं. दुसरा विचार न करता तोच कापला, कार्डावर चिकटवायलाही वेळ नव्हता म्हणून नुसता दुमडला, शुभेच्छा लिहिल्या, पाठवून दिला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. “मावशी, काय गोड रंग आहे गं! पण मागे ‘तीन दिवसांत लेखी खुलासा करावा’ असं का लिहिलंय?”

आतल्या खोलीत नवरा केव्हापासून खण उपसत होता.