फार्मसीत पीएचडी, तीही टेस्ट ट्यूब न धुता

एम.फार्म. होऊन कॉलेजात चिकटलात आणि आता प्राचार्य म्हणतायत, पीएचडी नसेल तर प्रमोशन विसरा. घाबरू नका. फार्मास्युटिक्सला जाल तर टॅब्लेटला तडे जातील, फार्माकॉलॉजीला जाल तर उंदरांसाठीही परवानगी काढावी लागेल, ॲनालिसिसला जाल तर सबमिशनच्या तोंडावर एचपीएलसी यंत्राचा कॉलम चोक होईल. तुम्ही आपले सोशल अँड ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फार्मसीकडे वळा. आपल्याकडे ते बहुधा फार्मसी प्रॅक्टिसच्या नावाखाली उरकतं. औषध माणसापर्यंत कुणाच्या हातून पोचतं, किती रुपयांना पोचतं आणि पोचल्यावर तो ते घेतो का, एवढाच विषय. अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या विद्यापीठांत लोक यासाठी अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि ढीगभर संख्याशास्त्र शिकतात. बिचारे. तुम्हाला लागतो एक गूगल फॉर्म.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. पेपर छापण्याची सक्तीही गेली. तेव्हा पहिली अडीच वर्षं निवांत राहा. सहामाही अहवालात ‘लिटरेचर रिव्ह्यू चालू आहे’ हे एकच वाक्य पाच वेळा खपतं.

नमुना किती घ्यायचा यावर डोकं शिणवू नका. ३८४. कॉक्रनच्या सूत्रात विश्वासपातळी ९५ टक्के, प्रमाण ५० टक्के, चूक ५ टक्के घातली की जगातला कुठलाही प्रश्न ३८४ वर येऊन थांबतो. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही ३८४ च औषधं आहेत. हे प्रस्तावनेत टाका, गाइडला वाटेल तुम्ही वाचता. ते सूत्र माणसं एकेक करून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आहेत असं धरून चालतं आणि तुम्ही मात्र एकेका दुकानातून दहा-दहा गिऱ्हाइकं उचलणार आहात, हे कुणी विचारत नाही. एका दुकानाची गिऱ्हाइकं एकमेकांसारखी असतात: डॉक्टर तोच, वस्ती तीच, काउंटरवरचा माणूस तोच. हा सारखेपणा नुसता ०.०५ धरला तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पटीने वाढवायचा तो आकडा, १.४५ होतो, ३८४ चे ५५७ होतात, आणि १० टक्के लोक नाही म्हणणार हे धरलं की ६१९. एवढी पायपीट कोण करणार?

शीर्षकात मात्र ‘ठाणे जिल्हा’ हवंच. जिल्ह्यात सात तालुके आहेत, पण मुरबाड-शहापूरला जायचं म्हणजे दिवस जातो. तुम्ही स्टेशनवरून निघा, गोखले रोड, राम मारुती रोड करा, जेवण आटपून ट्रान्सहार्बरने वाशी गाठा. आकडा कमी पडला तर खारघर आहेच. खारघर रायगड जिल्ह्यात येतं, पण परीक्षक नागपूरचा असला तर त्याला काय कल्पना!

एथिक्स कमिटीची परवानगी? सुई थोडीच टोचताय कुणाला.

रुग्ण गोळ्या नियमित घेतात का हे मोजायला मोरिस्कीचे आठ प्रश्न नेटवरून उतरवून घ्या. त्याला परवाना लागतो, पैसे पडतात, आणि बिनपरवाना वापर उघड झाला की छापलेला पेपर मागे घ्यायची पाळी येते. ते पुढचं पुढे.

आता प्रश्नावली. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्याच आठवड्यात एक अस्सल माल हाती आला. पाच पानं, ६४ प्रश्न, आणि सोबत कंटेंट व्हॅलिडिटीचं सर्टिफिकेट, म्हणजे प्रश्न विषयाला धरून आहेत अशी जाणकाराची ग्वाही, माझ्या नावानिशी टाइप करून तयार. सर्वात वर रकाने: दुकानाचं नाव, पत्ता, औषधविक्रीच्या २०-२१ लायसन्सचा नंबर, मालकाचा मोबाइल, फार्मासिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर. त्याखाली बारीक अक्षरात, ‘आपली माहिती पूर्णतः गोपनीय राहील’. आणि तिसरा प्रश्न: ‘दुकान उघडे असताना नोंदणीकृत फार्मासिस्ट पूर्णवेळ उपस्थित असतो का?’ १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टशिवाय दुसऱ्याने देणं हा गुन्हा आहे. स्वतःच्या हाताने लायसन्स नंबर लिहून त्याखाली ‘नाही’ वर टिक करणारा दुकानदार तुम्हाला दिव्यापासून दिघ्यापर्यंत कुठे भेटला तर कळवा, त्याचा सत्कार करू.

पुढे विचारलंय, ‘शेड्यूल एच१ चे रजिस्टर नियमित ठेवता का?’ शेड्यूल एच१ म्हणजे चिठ्ठी आणि नोंद दोन्ही सक्तीची असलेली औषधं. सगळे म्हणणार, हो. अहो, ते रजिस्टर तिथेच ड्रॉवरमध्ये असतं! डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं त्यात लिहायचं असतं आणि तीन वर्षं जपायचं असतं. दुकानदाराला विश्वासात घेऊन ते उघडा. सेफिक्झिम या अँटिबायोटिकची महिन्याभराची खरेदीची बिलं एकीकडे ठेवा, महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक त्यात मिळवा, शेवटची शिल्लक आणि परत गेलेला माल वजा करा, आणि आलेला आकडा रजिस्टरच्या बेरजेशी ताडून बघा. जो फरक उरेल तो तुमचा प्रबंध. पण त्यासाठी स्टुलावर बसून बिलं चाळावी लागतात, टिक मार्क गोळा करून भागत नाही.

मग हा हिरा: ‘आपण रुग्णास डोस, दुष्परिणाम व पथ्य समजावून सांगता का? हो / नाही.’ जो डोस सांगतो आणि बाकीचं सांगत नाही, त्याने टिक कुठे करायची, कपाळावर? आणि ‘गेल्या वर्षभरात अंदाजे किती रुग्णांचे समुपदेशन केले?’ माणसाला गेल्या मंगळवारचं आठवत नाही, तो तुमच्यासाठी वर्षाची बेरीज करणार, तीही संध्याकाळी साडेसातला, शेजारची ओपीडी सुटून काउंटरवर आठ हात पुढे आलेले असताना!

मी विचारलं, पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, किती दुकानांत केलं? उत्तर आलं, ‘सर, डेटा कलेक्शन पूर्ण झालंय. फक्त सही राहिलीय.’

फक्त सही. कंटेंट व्हॅलिडिटी ही फॉर्म वापरायच्या आधी करायची गोष्ट आहे. सहा-आठ जाणकार प्रत्येक प्रश्नाला एक ते चार गुण देतात, तीन किंवा चार देणाऱ्यांचं प्रमाण ०.७८ च्या खाली गेलं की तो प्रश्न दुरुस्त होतो नाहीतर कचऱ्यात जातो. मग तीसेक जणांवर पायलट, कुठे अडखळतात ते बघून पुन्हा बदल, मग खरं काम. भरून झालेल्या फॉर्मवर सही घेऊन काय करणार? देव्हाऱ्यात ठेवणार?

असो. पुढे चला.

आकडे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले की वय, शिक्षण, अनुभव, सगळ्याला सगळ्याशी काय-स्क्वेअर टेस्ट लावा. चाळीस टेस्ट केल्या की दोनेकींची पी-व्हॅल्यू निव्वळ नशिबाने ०.०५ च्या खाली येते, म्हणजे संबंध नसताना तो असल्यासारखा दिसतो. चर्चा त्यांचीच करा.

इंटरव्हेन्शन, म्हणजे काही उपाय करून फरक मोजणं, हवंच असेल तर बीपी चढलेले पेशंट निवडा, एक रंगीत पत्रक द्या, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पत्रक न दिलेल्या कंट्रोल ग्रुपच्या फंदात पडू नका. वाढलेलं आहे म्हणूनच ज्यांना निवडलं त्यांचं बीपी पुढच्या मोजणीला सरासरीकडे थोडं उतरतंच, पत्रक न देताही. श्रेय तुमचं.

शिफारशी मागच्या बॅचच्या प्रबंधातून घ्या: जनजागृती व्हावी, शासनाने कठोर पावले उचलावीत, अधिक संशोधनाची गरज आहे.

आणि रिसर्च कमिटीत कुणीतरी विचारेलच, ‘पण यात लॅब वर्क कुठंय?’ हा माणूस फार्मास्युटिक्सचा असतो. त्याचं समाधान व्हावं म्हणून दोन ब्रँडचं डिझोल्यूशन, म्हणजे गोळी विरघळण्याची चाचणी, जोडून द्या. विषयाशी संबंध नसला तरी ग्राफ छान येतात.

आता पुरे. थट्टा करायचंही त्राण उरलेलं नाही.

दुकानदार चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतो का, हे दुकानदाराला विचारून कळत नसतं. त्यासाठी सिम्युलेटेड क्लायंट, म्हणजे बनावट गिऱ्हाईक, पाठवतात. त्याला शिकवून तयार करतात, प्रत्येक दुकानात एकच ठरलेली तक्रार सांगायला लावतात, काय विचारलं आणि काय दिलं ते बाहेर पडल्या पडल्या टिपून घेतात. दुकानदाराची संमती आधी घेता येत नाही म्हणून एथिक्स कमिटीकडून तशी सूट रीतसर मागतात, आणि दुकानाची ओळख कुठेही ठेवत नाहीत. हे कष्टाचं आहे. तुम्हाला तीन वर्षं मिळालीत, आणि ती तुम्ही लिंक फॉरवर्ड करण्यात घालवलीत.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कामगार दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या मागतो, तेव्हा तो बीपीची सोडतो की शुगरची? जनऔषधी योजना २००८ पासून आहे, तरी केंद्रावरून पुढे जाऊन माणूस महागडा ब्रँड का घेतो? डॉक्टरने लिहिला म्हणून, केंद्रात माल नव्हता म्हणून, की स्वस्त गोळीवर भरवसा नाही म्हणून? तुमचा विषय हा आहे. ६४ प्रश्नांत यातला एकही नाही. शरम वाटली पाहिजे.

आणि गाइड साहेब, तुम्हीही ऐका. प्रोफेसरला आठ संशोधक घेता येतात म्हणून तुम्ही आठही जागा भरल्यात. त्यांच्या प्रश्नावल्या वाचल्यात? वाचली असतीत तर तो तिसरा प्रश्न तुमच्या टेबलावरच खोडला गेला असता. विद्यार्थ्याला ‘फक्त सही’ हे वाक्य कुणी शिकवलं, ते आम्हाला ठाऊक आहे.

सर्टिफिकेट सही न करता परत पाठवलंय. जमवलेले फॉर्म बाजूला ठेवा, ते परवानगीच्या आधीचे आहेत. मागच्या तारखेने मंजुरी देणं एथिक्स कमिटीच्या कामात बसत नाही, आणि देणारी कुणी भेटलीच तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. नवा अर्ज करा, लायसन्स नंबरचा रकाना काढा, प्रश्न बारावर आणा आणि दुकानात दुपारी तीनला जा.