स्प्लेंडरमध्ये वीस-पन्नास का नको: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण नुसती शिवीगाळ नाही. मुद्दे आहेत. म्हणून 'धन्यवाद, मत कळलं' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा सविस्तर उत्तर देतो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रकरण काय ते सांगतो. मी लिहिलं होतं की स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीत पुस्तिकेत दिलेलं दहा-तीस (डब्यावर १०डब्ल्यू-३०) ऑइलच घाला, सिंथेटिकच्या मागे लागू नका आणि मुंबईत रोज गर्दीत चालवत असाल तर तीन-साडेतीन हजार किलोमीटरला ते बदला. यावर तुमचं म्हणणं असं: मुंबईच्या उकाड्यात दहा-तीसचं 'पाणी होतं', परळचा तुमचा मेकॅनिक वीस वर्षं सगळ्या गाड्यांत वीस-पन्नास घालतोय आणि एकही इंजिन बसलं नाही. कंपनी सहा हजार सांगते तेव्हा मी तीन हजार सांगून ऑइलवाल्यांचा धंदा वाढवतोय. भावाच्या कारचं उरलेलं महागडं ऑइल तुम्ही गाडीत ओतलं, काहीही बिघडलं नाही. आणि जाता जाता टोला, की डब्यावरची लेबलं वाचून कोणी मेकॅनिक होत नाही.

टोला मान्य. मी मेकॅनिक नाहीच. पण लेबल वाचायला मेकॅनिक असावं लागत नाही, आणि तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्या लेबलावरच आहेत.

आधी उकाडा. १०डब्ल्यू-३० मधला शेवटचा तीस हा आकडा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट राहतं त्यावरून ठरतो. तीसच्या ऑइलची त्या तापमानाला घट्टता ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे घट्टता मोजायचं एकक) असते, पन्नासची १६.३ ते २१.९. म्हणजे 'तापल्यावर काय होईल' हा प्रश्न त्या आकड्यात धरलेलाच आहे. बाहेर जानेवारीत वीस अंश आहेत की मे महिन्यात पस्तीस, याचा फरक पडतो, नाही असं नाही. पण इंजिनाच्या आतली उष्णता पेट्रोल जळण्याची असते, उन्हाची नव्हे. आणि उन्हाचंच म्हणाल तर चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७च्या वर जातो. तिथे विकलेल्या स्प्लेंडरसोबतही हीच पुस्तिका येते. चंद्रपुरात जे चालतं ते तुमच्या भांडुपात पाणी कसं होईल?

उलट त्रास सकाळी होतो. रात्रभर उभ्या गाडीतलं सगळं ऑइल खाली साचलेलं असतं. किक मारल्यावर पंपाने ते वर हेडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरपर्यंत पोहोचवायचं असतं. सकाळच्या पंचवीस-सव्वीस अंशांना वीस-पन्नास हे दहा-तीसच्या दुपटीहून जास्त घट्ट असतं. ते वर जायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. त्याने इंजिन बसत नाही, इथे तुमचा मेकॅनिक खरं बोलतोय. पण झीज थोडी वाढते, पिकअप जरा जड होतो, ॲव्हरेज किंचित पडतं. याने कोणी गॅरेजमध्ये तक्रार घेऊन जात नाही, म्हणून मेकॅनिकच्या कानावर ती येत नाही.

माझं वीस-पन्नासशी काही वाकडं नाही. पल्सर १५०ला बजाज वीस-पन्नासच सांगते, रॉयल एन्फिल्डच्या साडेतीनशेला पंधरा-पन्नास लागतं. ती इंजिनं तशी बनवली आहेत. दुकानात एकच पिंप ठेवून येईल त्या गाडीत तेच ओतणं मेकॅनिकला सोयीचं असतं, एवढंच मी म्हणतोय. एक अपवाद मात्र आहे. गाडी लाखभर किलोमीटर चाललेली आहे, मागून निळा धूर येतोय (म्हणजे ऑइल जळतंय) आणि बोअरचं, म्हणजे झिजलेल्या सिलेंडर-पिस्टनचं काम काढायला सध्या पैसे नाहीत, अशा वेळी मेकॅनिक वीस-चाळीसवर जात असेल तर ते समजू शकतो. धूर कमी होतो. रोग मात्र आत तसाच राहतो.

आता सहा हजार विरुद्ध तीन हजार. हीरोच्या वेळापत्रकात सहा हजारांना ऑइल बदल आहे, बरोबर. पण त्याच तक्त्यात मधल्या तीन हजारांना 'टॉप-अप', म्हणजे कमी झालेलं ऑइल भरणं, असाही शब्द आहे. तो तुम्ही सोडलात. तुम्हीच नव्हे, सगळेच सोडतात.

आणि किलोमीटरचा आकडा मुंबईत फसवा आहे. तुम्ही भांडुपहून लोअर परळला एलबीएस मार्गाने जाता असं लिहिलंय. कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला करत संध्याकाळी परत येताना सरासरी ताशी १५ किलोमीटर पडत असतील असं धरू. तीन हजार किलोमीटर म्हणजे इंजिन २०० तास चाललं. तेच इंजिन नाशिक हायवेला ताशी ४५च्या सरासरीने २०० तास चाललं असतं तर मीटरवर नऊ हजार दिसले असते. शिवाय आपली इंजिनं वाऱ्यावर थंड होणारी. सिग्नलला उभं असताना वारा कुठून येणार? त्यात अर्धा वेळ हाफ क्लच. क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यांची झीज त्याच ऑइलमध्ये उतरते. गिअरचे दातही त्याच ऑइलला रगडत असतात, आणि ऑइल गरम असताना घट्ट ठेवणारे जे लांबलचक रेणू त्यात घातलेले असतात ते या रगडण्याने तुटत जातात. तुम्हाला अनुभव असेल: ऑइल नवीन असताना गिअर अलगद पडतो, दोन-अडीच हजारांनंतर खट्ट आवाज करायला लागतो, न्यूट्रल सापडेनासा होतो. तुम्ही रोज कल्याणच्या पुढे मोकळ्या रस्त्याने जात असतात तर मीही सहा हजारांवर बोट ठेवलं असतं.

कारच्या ऑइलचं 'काही झालं नाही' हे अगदी शक्य आहे. कारमध्ये क्लच कोरडा असतो, ऑइलशी त्याचा संबंध नाही. म्हणून कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं बिनधास्त घालता येतात. आपल्या क्लचला मात्र घर्षणच हवं असतं, तीच त्याची पकड. भावाच्या कारचं ऑइल जुन्या पद्धतीचं, पंधरा-चाळीस वगैरे असेल तर त्यात ही द्रव्यं बहुधा नसतात, आणि तुम्ही सुटलात. शून्य-वीस किंवा पाच-तीस असेल तर डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेचं गोल चिन्ह बघा. त्याच्या खालच्या कमानीत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' (इंधन वाचवणारं) लिहिलं असेल तर ते मोटरसायकलमध्ये नको. परीक्षा सोपी आहे: मागे माणूस बसवून मलबार हिलचा चढ वरच्या गिअरमध्ये चढा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, असं झालं की क्लच घसरतोय.

याच भानगडीसाठी जपान्यांनी १९९८ साली 'जासो' हे मोटरसायकल ऑइलचं वेगळं मानक काढलं. डब्याच्या मागे छोटी चौकट असते, तिच्यात एमए, एमए२ किंवा एमबी. गिअरच्या गाडीला एमए किंवा एमए२. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरचं, तिथे क्लच ऑइलच्या बाहेर असतो. घरात स्कूटर आणि बाइक दोन्ही असतील तर डब्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पण खरं सांगू? ग्रेडवरून आपण कितीही भांडलो तरी मी आजवर बसलेली जी इंजिनं पाहिली, ती ग्रेड चुकल्याने बसली नव्हती. ऑइल कमी झाल्याने बसली होती. मूळ लेखात मी यावर लिहिलं होतं, त्या परिच्छेदावर तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हौसेने महाग सिंथेटिक घातलं होतं. 'सिंथेटिक आहे, टेन्शन नाही' म्हणून पुढचे कितीतरी महिने बघितलंच नाही. हेडमधून टकटक यायला लागली तेव्हा आम्ही पार्किंगमध्येच खालचा नट खोलला. ट्रेमध्ये जेमतेम चहाचे दोन-तीन कप भरतील एवढं डांबरासारखं ऑइल आलं, आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात चंदेरी चकचक. ती कॅमशाफ्टची पावडर होती. शंभर सीसीच्या गाडीत मुळात लिटरभरसुद्धा ऑइल मावत नाही. त्यातलं दोनशे मिली जळालं तर जवळपास चौथा हिस्सा गेला. उरलेल्यावर तेवढाच भार, ते जास्त तापतं, लवकर मरतं. थोडं ऑइल खाणं हा जुन्या इंजिनाचा दोष नाही, स्वभाव आहे. दोष न बघण्यात आहे.

बघायची रीतही नीट हवी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचं माप चुकतं, आणि मग 'कमी आहे' म्हणून लोक वर आणखी ओततात, ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. ऑइल मोजायची काडी काढून पुसा आणि परत घालताना आटे फिरवू नका, नुसती टेकवा. स्प्लेंडरमध्ये माप असंच घ्यायचं असतं. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका. काजळी आणि घाण स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. पावसाळ्यात ते कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरलंय. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला पाण्यात गाडी बंद पडली असेल तर परत परत स्टार्ट मारू नका, ढकलत बाहेर काढा आणि आधी ऑइल बदला.

ब्रँडबद्दल तुम्ही विचारलंत. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, काहीही घ्या. ग्रेड आणि एमए जुळलं की माझं भांडण नाही. फक्त फुटपाथवरचा स्वस्त डबा नको, पेट्रोल पंपावरून घ्या, आणि रिकामा डबा फेकण्याआधी त्याला भोक पाडा. चांगल्या अवस्थेतल्या रिकाम्या डब्यांना या शहरात फार मागणी आहे, का ते सांगायला नको.

काढलेलं जुनं ऑइल तुम्ही चेनला लावता असं लिहिलंय, ते थांबवा. त्यात क्लचची आणि धातूची पूड असते, तीच चेनच्या पिनांमध्ये जाऊन बसते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावा. चेनकव्हरला रबराचं बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा, वीस-पंचवीस मिलिमीटर खेळली पाहिजे. जुनं ऑइल गटारात न ओतता मेकॅनिककडेच द्या, त्याच्याकडून ते गोळा करणारे नेतात.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर निळा धूर नसेल तर पुढच्या खेपेला दहा-तीस एमए घाला, असेल तर परळच्या मेकॅनिकशी आधी बोअरबद्दल बोला. आणि ऑइल काढताना त्याला एक विनंती करा: ट्रेमधलं मापाच्या बाटलीत ओतून किती मिली निघालं ते बघू द्या. तो आकडा आणि मीटरचं रीडिंग दोन्ही इथे टाका, मग पुढचं भांडण त्यावर करू.