देवमाशाची खतावणी आणि मुकादमाची वही

गावाकडच्या ग्रुपवर मध्यंतरी ऊसतोडीच्या उचलीवरून, म्हणजे मुकादम मजुरांच्या टोळ्यांना हंगामाआधी देतो त्या आगाऊ रकमेवरून, जुंपली होती. एका वर्गमित्राने लिहिलं, "उचल घेऊन टोळ्या पळून जातात, मुकादम कर्जात बुडतो, त्याच्यावर कुणी बोलत नाही." दुसऱ्याचं उत्तर, "ही वेठबिगारी आहे. अमेरिकेत एक दिवस चालली नसती." आणि लगेच मला टोचणी, "काय साहेब, खरंय ना?"

मी मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू बेडफर्डपासून पंधरा मिनिटांवर राहतो. दुसऱ्यांचे हिशेब तपासणं हा माझा धंदा. तेव्हा उत्तर हिशेबातूनच देतो.

न्यू बेडफर्ड हे एके काळी देवमाशांच्या शिकारीचं जगातलं सगळ्यात मोठं बंदर होतं. 1857 साली या एका गावाची 329 जहाजं समुद्रावर होती. देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, यंत्रं फिरत. त्या पैशातून बांधलेले वाडे टेकडीवर अजून उभे आहेत. इथल्या संग्रहालयात जहाजांची लॉगबुकं जपून ठेवली आहेत, आणि ती बघताना वेळ कसा जातो कळत नाही. वारा कुठला, शिडं किती, कुठे काय दिसलं. मासा मारला की समासात अख्ख्या माशाचा शिक्का आणि त्यात तेलाची पिंपं. निसटला की नुसती शेपटी. काही वह्यांत शेपट्यांची रांगच्या रांग लागते.

पण माझा जीव रमतो तो दुसऱ्या वह्यांत, खतावण्यांत. देवमाशाच्या जहाजावर पगार नसे. प्रत्येकाला मालाच्या किमतीतला ठरलेला हिस्सा मिळे, त्याला 'ले' म्हणत. कप्तानाला साधारण बारावा ते सोळावा भाग, तर नवख्या पोराला एकशे पंचाहत्तरावा, कधी दोनशेवा.

'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे जहाज घ्या. 1841 साली न्यू बेडफर्डलाच बांधलं. 80 वर्षांत 37 सफरी केल्या, आज कनेटिकटमधल्या मिस्टिकला बघायला मिळतं. त्याची पहिली सफर तीन वर्षं चार महिन्यांची. माल आला सुमारे 56 हजार डॉलरचा. एकशे पंचाहत्तरावा भाग काढला तर 320 डॉलर होतात. चाळीस महिन्यांनी भागा, महिन्याला आठ.

आणि हे आठ हातात पडायच्या आधीचे. निघताना घेतलेली आगाऊ रक्कम व्याजासकट नावे पडे. कपडे, चाकू यांचं बिल नावे. सफरीत सदरा फाटला, तंबाखू संपली, तर कप्तानाकडच्या पेटीतून घ्यायची, किनाऱ्यापेक्षा चढ्या भावाने. तेही नावे. सफर वाईट गेली तर तीन-चार वर्षं राबलेला माणूस उतरताना मालकाचाच देणेकरी निघे. कंटाळून एखाद्या बेटावर पळाला तर हिस्सा जप्त. पळणारे पुष्कळ होते, आणि मालकांची तक्रारही हीच, की पोरं उचल घेऊन पळतात.

ओळखीचं वाटतंय ना? टनावर मजुरी, हंगामाआधी उचल, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी अंगावर बाकी. कारखाना बंद पडला किंवा फडात पाणी साचलं, तर तो दिवस मजुराचा वाया. जोखीम खाली ढकलायची आणि तिला भागीदारी म्हणायचं, ही युक्ती बीडमध्ये जन्मलेली नाही. तेव्हा "अमेरिकेत चाललं नसतं" म्हणणाऱ्या मित्राला माझं उत्तर असं: चाललं, चांगलं शंभरेक वर्षं चाललं, आणि प्रार्थनेला न चुकणाऱ्या क्वेकर पंथाच्या मालकांनी चालवलं.

मात्र एक फरक आहे, आणि तो मला डाचतो. जहाज सुटण्याआधी करारावर प्रत्येक खलाशाचं नाव लागे. लिहिता न येणारा फुली मारी, पण ती त्याच्या नावापुढे. शेजारी त्याचा हिस्सा. अझोर्सचा शेतकरी असो, केप व्हर्डचा काळा पोरगा असो की हवाईचा खलाशी, त्याचं खातं वेगळं. म्हणून आज मला बसल्या जागी कळतं की दीडशे वर्षांपूर्वी एखादा माणूस कसा नागवला गेला. लुटलं, पण लिहून लुटलं.

आपल्याकडे कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी. मजुराचं नाव, असलंच तर, मुकादमाच्या वहीत, आणि ती वही मुकादमाच्या खिशात. तिथेही माणूस नाही, 'कोयता' आहे. नवरा-बायको मिळून एक. बाईने तोडलेला ऊस नवऱ्याच्या नावाखाली जमा, तिचा खाडा मात्र वेगळा लक्षात राहतो. 2019 साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, त्याच्या मुळाशी पाळीच्या दिवसांत पडणारा हा खाडासुद्धा होता.

2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. चांगलं झालं. पण आपले सगळे वाद दराशी सुरू होतात आणि दराशी संपतात. ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, ओळखपत्रं आहेत. ओळखपत्र म्हणजे हिशेब नव्हे. मला विचाराल तर पहिली मागणी टक्क्यांची नको, कागदाची हवी: उचल किती, टन किती, कापलं काय, दर पंधरवड्याला, नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगळ्या नावावर, कारखान्याच्या शिक्क्यानिशी. प्रामाणिक मुकादमाचंही यात भलंच आहे. उचल बुडवली म्हणून पोलिसांत जायचं तर त्याच्याकडे तरी कुठला धड पुरावा असतो?

इथे बसून बोलणं सोपं आहे, हे मला कळतं. थंडीत हीटर लावून उसाच्या फडावर लेख लिहितोय.

माझे वडील कारखान्यावर चिटबॉय होते, म्हणजे फडातून निघणाऱ्या उसाच्या गाडीची चिठ्ठी लिहिणारे. परवा फोनवर विचारलं, "दादा, तुमच्या चिठ्ठीवर काय काय लिहायचात?"

त्यांनी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागण की खोडवा, उसाची जात.

"आणि तोडणाऱ्याचं नाव?"

"त्याला रकानाच नव्हता की रे," दादा म्हणाले.