मी खारट

पुण्याहून निघताना स्पॅनिशची ‘ए-वन’ परीक्षा पास झालो होतो. (ए-वन ही सगळ्यात खालची पायरी असते, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.) ऑफिसच्या कामासाठी सहा महिने स्पेनमधल्या सेव्हिलला, त्रियाना भागात एका आजींच्या घरी खोली. चौथ्या दिवशी गीझर बंद पडल्याचं मी अर्धं स्पॅनिशमध्ये, अर्धं हातवारे करून आणि उरलेलं कुडकुडून दाखवून सांगितलं. आजी पोट धरून हसल्या नि म्हणाल्या, “के सलाओ!”

शब्दकोशात ‘सलाओ’ सापडेना. इथली, म्हणजे आंदालुसिया प्रांतातली, माणसं मधला ‘द’ सरळ गिळून टाकतात, हे नंतर कळलं. मूळ शब्द ‘सालादो’. अर्थ: खारट.

जुलै महिना, बाहेर चाळीस अंश. मी हळूच शर्टाचा वास घेतला. गार पाण्याने दोनदा अंघोळ केली, डिओ मारला. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा, “सलाओ!”

तेव्हा कुठे शब्दकोशातल्या पुढच्या ओळीवर नजर गेली: गमत्या, लाघवी. साल म्हणजे मीठ, सालेरो म्हणजे मिठाची बरणी, आणि ज्याच्या बोलण्याचालण्यात ठसका असतो त्याच्याकडेही सालेरो असतो. जेवणात मीठ नसलं तर ते ‘सोसो’, कंटाळवाणा माणूसही सोसो. हा तर आपला अळणी! आणि लवणावरून लावण्य आपणच केलं की. उगाच दोन दिवस साबण झिजवला.

त्याच आनंदात रात्री सूपचं कौतुक केलं, “ला सोपा एस्ता सालादा!” आजींनी चव घेतली, माझ्याकडे पाहिलं, बशी उचलली नि सूपमध्ये पेलाभर पाणी ओतलं. ‘एस’ आणि ‘एस्ता’, दोन्हींचं मराठी ‘आहे’च. पण माणूस ‘एस’ सालादो म्हणजे मिश्कील, नि सूप ‘एस्ता’ सालादा म्हणजे खारट झालंय. आपलं एका ‘आहे’वर आयुष्य निघतं, इथे सूप पातळ होतं.

आता चुकायचं नाही, असं ठरवून ऑफिसातल्या मेक्सिकन मित्राला जपून, ‘एस’च्या घरातलं रूप लावून म्हणालो, “एरेस मुय सालादो.” (तू फार मिश्कील आहेस.) त्याचा चेहरा पडला.

“तुला कुणी सांगितलं?”

त्याच्या देशात सालादो म्हणजे पनवती लागलेला. त्या आठवड्यात त्याचा फोन नदीत पडला होता, विमान चुकलं होतं आणि घरमालकाने भाडं वाढवलं होतं.

मला भरून आलं. कँटीनमधून मिठाची पुडी आणली. मोहऱ्या नव्हत्या, म्हणून मस्टर्ड सॉसचं पाकीट घेतलं. दोन्ही मुठीत धरून त्याच्यावरून सात वेळा ओवाळलं.

“हे काय?” तो घाबरून म्हणाला. “अजून मीठ?”