वजनकाटा, चवथ आणि मी

फोंड्यात दिवस गेलेल्या बाईचं वजन ही तिची एकटीची गोष्ट कधीच नसते. पहिले तीन महिने मला मासळीचा वास सहन होत नव्हता, आणि गोव्यात मासळीच्या वासापासून पळणार कुठे, शेजारी बांगडे तळायला घेतले की मी बाथरूममध्ये. वजन वाढायचं सोडून थोडं उतरलंच. बाजारात भाजीवाली मावशी, "कितें गो बाय, बारीक जाल्या!" मग चौथा लागला, उलट्या थांबल्या आणि भूक अशी सुटली की पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मी गेटवर हजर, गरम पोई घरात पोचेपर्यंत अर्धी संपलेली. आता तीच मावशी, "जुळी आहेत काय गो?"

डॉक्टरांनी सुरुवातीलाच बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते, काढून सांगितलेलं. १८.५ ते २४.९ मध्ये असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढायला हवं, २५ च्या वर असेल त्यांना कमी, ७ ते ११.५, आणि ३० च्या वर गेलं तर ५ ते ९ पुरे. पहिल्या तीन महिन्यांत फार तर दोन किलो, पुढे माझ्यासारखीला आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. वरचं खाणं किती, तर चौथ्यापासून रोज ३४० कॅलरी, म्हणजे एक चपाती, वाटीभर मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ) आणि एक उकडलेलं अंडं. बस्स. सासूबाईंना हे पटणं शक्यच नव्हतं, त्यांचं एकच, दोन जिवांचं खायचं. आता पाचव्या महिन्यात तो दुसरा जीव जेमतेम ३०० ग्रॅमचा, त्याचं चमचाभर भातात भागेल, पण हे त्यांना सांगणार कोण!

त्यात चवथ आली. गावात घरोघरी गणपती, दर्शनाला गेलं की नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, आणि प्रसादाला नाही कसं म्हणणार, ते पण अशा अवस्थेत? पुढच्या तपासणीला काट्यावर चढण्याआधी मी चपला, बांगड्या, ओढणी, मोबाईल, हेअरक्लिपसुद्धा काढली. नर्स नुसती बघत राहिली. महिन्यात तीन किलो! डॉक्टरांनी आधी पाय दाबून सूज बघितली, बीपी घेतलं, लघवी तपासायला पाठवली, कारण वजन असं एकदम वाढलं की बीपीचा त्रास तर नाही ना हे बघावं लागतं. सगळं नॉर्मल. मग चष्म्यावरून बघत, "कितक्या नेवऱ्या?" मी गप्प.

घरी येऊन सगळ्यांसमोर हिशोब मांडला, की बाई जाडी होत नसते, माल भरत असतो. शेवटी बाळ ३ किलो, वार ७०० ग्रॅम, गर्भजल किलोभर, वाढलेलं रक्त दीड किलो, गर्भाशय किलोभर, छातीचं अर्धा-पाऊण, बाळंतपणानंतर दूध यावं म्हणून साठवलेली चरबी तीनेक किलो. आली की नाही बेरीज अकरावर? नवऱ्याने मान डोलावली (त्याचंही चार किलो वाढलंय, त्याचा हिशोब कोणी मागत नाही). सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डबा उघडला आणि म्हणाल्या,

"ह्यात नेवऱ्या खंय धरल्यास गो?"