पाच दिवसांचा प्रयोग आणि वर्षानुवर्षांची सवय

गांजा आणि एचआयव्हीवरच्या तुमच्या लेखात सॅन फ्रान्सिस्कोच्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला देऊन गांजा एचआयव्हीबाधितांच्या मेंदूला तारतो असं सुचवलंय. अहो, त्या प्रयोगात मोजल्या होत्या एचआयव्हीमुळे नसांना होणाऱ्या वेदना, मेंदू नव्हे! आणि गांजा ओढायला दिला फक्त पाच दिवस. वेदना साधारण 34 टक्क्यांनी उतरल्या. पण टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, काढून टाकलेल्या नकली सिगारेटींनीही 17 टक्क्यांनी उतरल्याच की.

मेंदूचा मामला वेगळा. विषाणू तिथे लागणीनंतर लवकरच पोचतो, आणि एआरटीमुळे, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधांमुळे, रक्तात तो सापडेनासा झाला तरी मेंदूतली धुसफूस, म्हणजे दाह, पुरती विझतेच असं नाही. गांजातले घटक हा दाह कमी करत असावेत असं काही निरीक्षणांत दिसतं, मान्य. पण तोच टीएचसी स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावरही काम करतो. किती ओढतो, कोणत्या वयापासून, सोबत दारू आहे का, हे न विचारता निष्कर्ष कसला काढता?

माझ्या ओळखीतला एकजण रोज ओढतो. डोकं शांत राहतं म्हणतो, पण एचआयव्हीची रात्रीची गोळी आठवड्यातून दोनदा विसरतो. डॉक्टरांना यातलं काही सांगत नाही. गांजा म्हटलं की त्याला आधी पोलीस आठवतात.